व्याही भेटले बालवाडीत

मंडळी, जरा पुढं सरका. भिंतीला टेकून बसलेले तर जरूर पुढं या. तिथं बसलं की डोळा लागतो, आणि तुमच्या घोरण्याशी आमच्या पेटीचा सूर काही जुळत नाही!

हां. तर आजचा प्रश्न सोपा आहे. माणसाला लाज वाटते, ती नेमकी कधी वाटते? पडताना, की उठताना?

तुम्ही म्हणाल, महाराज, हे काय विचारणं झालं? पडताना! — खोटं! साफ खोटं! भरदिवसा चौकात पडलेला, एक चप्पल पायात, एक कुत्र्याच्या तोंडात — अशा माणसाला लाजताना बघितलंय कुणी? तो तर गाणं म्हणत असतो! आणि त्यालाच दुसऱ्या दिवशी म्हणा, "चल रे, दारू सोडवणाऱ्या बैठकीला जाऊ." — लगेच कुजबुजतो. "हळू बोला हो! कुणी ऐकलं तर?" अरे, काल अख्ख्या गावानं तुझं गाणं ऐकलं ना! आता काय राहिलंय ऐकायचं?

ऐका मग.

माळेवाडीत मुरलीधर डांगे नावाचा मंडपवाला होता. हुशार माणूस! पन्नास बांबू, दहा ताडपत्र्या आणि दोन गडी दिले की तासाभरात लग्नाचा मांडव उभा करायचा. हातात कसब एवढं, की पिऊन बांधला तरी मंडप सरळ! मंडप सरळ, माणूस वाकडा!

हो, प्यायचा. तुम्ही म्हणाल, बायको वारली म्हणून प्यायला लागला असेल बिचारा. नाही हो! बायको, शालन, जिवंत होती तेव्हाही प्यायचा. तेव्हा तिच्यापासून चोरून प्यायचा, आता चोरायला घरात कुणी उरलं नाही, एवढाच फरक. सकाळी उठून चहा मात्र दोन कप टाकायचा. सवयीनं. मग दुसऱ्या कपाकडं बघत बसायचा. त्या कपावर साय धरते, मंडळी. तो ओतूनही देववत नाही आणि... असो. असो! पुढं चला.

त्याला एकच लेक. तृप्ती. दोन वर्षांपूर्वी लग्न करून दिलेली, सासर शेवाळ्यांचं, पन्नास मैलांवर. सहावा महिना लागला तेव्हा एक दिवस भेटायला आली. मुरलीधरानं सकाळपासून घेतली नव्हती, केस विंचरले होते, शेव-चिवडा आणून ठेवला होता. म्हणाला, "सातव्यात डोहाळजेवण उरकलं की टेंपो घेऊन न्यायला येतो. गादी टाकतो मागं. हादरा बसायचा नाही."

लेक म्हणाली, "बाबा, मी बाळंतपणाला येणार नाही."

"अगं, पहिलं बाळंतपण! माहेरीच असतं ते!"

"माहेर म्हणजे कोण? आई होती. रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या आणि तुम्ही पडलेले असलात, तर मी कुणाला हाक मारू? ताडपत्रीला?"

आता मंडळी, पोटच्या पोरीनं एवढं सुनावलं. बापानं काय करावं? रडावं. पाय धरावेत. या पठ्ठ्यानं पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे?

"सासरी काय सांगितलंस?"

बघा! लेक येत नाही याचं दुःख मागाहून. व्याह्याला कळलं का, ही काळजी आधी!

ती म्हणाली, "सांगितलं, आई नाही, करायला कुणी नाही. तुमचं नाव नाही काढलं." आणि पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाली, "सुटली तर सांगा. पण सुटली म्हणून नऊ वेळा सांगून झालंय तुमचं. मोजलंय मी."

गेली. शेव-चिवडा तसाच.

आता सोडायची तर कुठं जायचं, हे मुरलीधराला कुठून कळलं? धंद्यातूनच कळलं! मागं एकदा व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाचा मंडप त्यानंच बांधला होता. पिऊन! कार्यक्रम संपला, खुर्च्या गोळा करताना एका खुर्चीवर कागद राहिलेला. घामानं हाताला चिकटला होता, म्हणून टेंपोपर्यंत आला. मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यांचे गट कुठं कुठं बसतात, त्याची यादी. पाच गावं. लेक गेली तसा त्यानं टेंपोच्या खणातून तो कागद काढला.

आणि कोणतं गाव निवडलं? जवळचं? छे! जवळच्या गावात लोक ओळखतात. लेकीच्या सासरजवळचं? तिथं तर नकोच नको! म्हणून आपल्या गावापासून लांब आणि पाव्हण्यांच्या गावापासूनही लांब, असं मधलं गाव शोधलं. गुरुवारी पाच वाजता, बालवाडीची खोली.

गेला. तोंडाला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा, टोपी कपाळापर्यंत. बालवाडीच्या दारात असा माणूस उभा राहिला तर पोलीसच बोलावायचे! पण काळजी पुरती घेतली होती. कुणी म्हणजे कुणी ओळखायला नको. आणि बालवाडीसमोर लावला काय? टेंपो! त्याच्यावर तिन्ही बाजूंनी हातभर अक्षरांत लिहिलेलं — "डांगे मंडप डेकोरेटर्स, माळेवाडी. प्रो. मुरलीधर डांगे." खाली मोबाइल नंबर!

हसू नका. आपण सगळे असेच लपतो.

आत डोकावला. भिंतीवर अननस, आगगाडी, इमारत अशी चित्रं. खाली सतरंजीवर आठ-दहा मोठी माणसं मांडी घालून बसलेली, आणि मधे उभा राहून घड्याळ बघत एक जण म्हणत होता, "पाच वाजले. सुरू करू या. येणारा येईल, वेळ थांबणार नाही."

तो आवाज! मुरलीधरानं टोपी आणखी खाली ओढली. तो आवाज त्यानं मांडवात ऐकला होता, याद्या करताना ऐकला होता. एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक, धोंडीराम शेवाळे. धोंडीरामबापू! लेकीचे सासरे! साक्षात व्याही!

लग्न ठरवताना हेच बापू म्हणाले होते, "आमच्या घरात सुपारीचंसुद्धा व्यसन नाही." आणि मुरलीधरानं छाती फुगवून उत्तर दिलं होतं, "आमच्याकडं तर पाहुण्यालाही सुपारी देत नाही!" पत्रिका बघितली. छत्तीसपैकी एकोणतीस गुण जुळले. सगळे खूश! हा तिसावा गुण जुळत होता, तो कुठल्या गुरुजीला दिसलाच नाही!

बापूंनीही तेच गणित केलेलं, कळलं ना? आपल्या गावापासून लांब, पाव्हण्यांच्या गावापासून लांब. दोन्ही व्याही एकमेकांना चुकवायला निघाले आणि एकाच सतरंजीवर पोचले!

बापूंनी दाराकडं बघितलं. रुमाल बघितला, चष्मा बघितला. दाराबाहेर टेंपोही बघितला. शांतपणे म्हणाले, "या."

आणि मुरलीधराच्या तोंडून निघालं, "खुर्च्या! खुर्च्या द्यायला आलोय!"

"खुर्च्या?" एक दाढीवाला कंपाउंडर म्हणाला. "आम्ही तर खाली बसतो."

"ऑर्डर आहे," मुरलीधर म्हणाला. एकदा खोटं बोललं की त्याला मांडव घालावाच लागतो! टेंपोतून पंधरा खुर्च्या ओढल्या आणि सवयीनं मांडल्या रांगेत. पाच-पाच-पाच! तोंडं भिंतीकडं, अननसाच्या चित्राकडं! बिचारे सगळे उठून खुर्च्यांवर बसले. आता प्रत्येकाला पुढच्याची मान दिसते. गोल बसून एकमेकांच्या डोळ्यांत बघत बोलायची ती बैठक. त्या दिवशी सगळे अननसाला आपलं दुःख सांगत होते!

आणि मुरलीधर? दाराशी उभा. मंडपवाला कधी बसतो का? हजार लग्नं झाली, हा मागं खांबाला टेकून उभा. कुणाचा पंखा बंद पडला, कुणाची खुर्ची मोडली, तेवढं बघायचं. उभं राहिलं की आपण त्यांच्यातले नाही, असं वाटतं. बरं असतं ते.

बैठक संपली. बापू आले. "छान मांडल्यात. पुढच्या गुरुवारी आणाल?"

"आणतो की!"

"फक्त गोल मांडा."

बास. ना रुमालाचं विचारलं, ना चष्म्याचं. मुरलीधराला वाटलं, सुटलो! याला काही कळलं नाही! — मंडळी, तीस वर्षं एसटी स्टँडवर काढलेला माणूस! बिनतिकिटाचा प्रवासी त्याला चालण्यावरून कळतो!

दुसरा गुरुवार. गोल मांडल्या. पंधरा खुर्च्या, बसणारे दहा, आणि हा दाराशी. तिसरा गुरुवार, तेच. लोक एकेक करून उठायचे, नुसतं पहिलं नाव सांगायचे, आणि मग जे असेल ते. एका बाईनं सांगितलं, ती खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून प्यायची, घरात सगळ्यांना वाटायचं हिला क्षय झाला. कंपाउंडर म्हणाला, "मी दवाखान्यातलं स्पिरिटही सोडलं नव्हतं. जखमा पाण्यानं पुसायचो." लोक हसले. तोही हसला. आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी. मुरलीधर दाराशी उभा राहून ऐकायचा, आणि परत जाताना ढाब्यावर टेंपो थांबवायचा. हो! तेही चालूच!

चौथ्या गुरुवारी बापू उभे राहिले. "मी धोंडीराम. सहा वर्षं झाली, घेतली नाही. पण आज दारूचं सांगत नाही, खोट्याचं सांगतो." मुरलीधर सावध झाला. "मुलाचं लग्न ठरवताना सुनेच्या वडिलांना मी म्हणालो, आमच्या घरात सुपारीचंही व्यसन नाही. अकरा वर्षं प्यायलो मी. ड्यूटीवर पिऊन साताऱ्याची गाडी सांगलीची म्हणून सोडली, चाळीस माणसं भलतीकडं गेली. निलंबित झालो. हे त्यांना नाही सांगितलं. वाटलं, सोयरीक मोडेल. सून लाखाची आहे. ती कधी कधी माझ्याकडं बघते आणि मला वाटतं, हिला कळलं तर? हिच्या बापाला कळलं तर? माझ्याबद्दल काय वाटेल त्या माणसाला?"

आणि खाली बसले. दाराकडं बघितलंसुद्धा नाही.

पंखा तेवढा कुरकुरत होता. आणि दारातून आवाज आला —

"काही वाटणार नाही, बापू. तो पण खोटंच बोलला होता."

सगळ्यांनी माना वळवल्या. मुरलीधरानं रुमाल सोडला, चष्मा काढला, टोपी काढली. उभाच होता. म्हणाला, "मी मुरलीधर. खुर्च्यांची ऑर्डर कुणीच दिली नव्हती."

"माहीत आहे," कंपाउंडर म्हणाला. "आम्हाला वाटलं, खुर्च्या मांडून झाल्या की बसेल."

मग बसवला. बोलला. काय बोलला ते मी सांगणार नाही. तिथलं तिथंच राहतं, असा त्यांचा नियम आहे आणि तो मलाही लागू आहे. एवढं सांगतो, की दोन व्याही नंतर चहासाठी उठले आणि पंचाईत झाली. मानाचा पहिला कप कुणी घ्यायचा? हे म्हणतात, "तुम्ही आधी, पाव्हणं." ते म्हणतात, "छे छे, मुलीकडचे तुम्ही, तुम्ही आमचे पाहुणे." "अहो पण तुम्ही वरपक्ष!" चहा गार! शेवटी ती खोकल्याच्या औषधाची बाई ओरडली, "इथं व्याही नाहीत, पाव्हणे नाहीत! इथं सगळे एकाच गुत्त्यातले! घ्या गपचूप!"

गटातल्या चौघांनी मिळून त्याला आधी डॉक्टरकडं नेलं. एकाएकी सोडली की हात थरथरतात, भलतंसलतं दिसतं, जिवावर बेततं. ते नुसत्या निश्चयाचं काम नाही. गोळ्या घेतल्या. एक दिवस गेला, पाच गेले, एकोणीस गेले! मुरलीधर आरशात बघून स्वतःलाच नमस्कार करायला लागला. त्याला वाटलं, झालं! आता लेकीला सांगायचं!

विसाव्या दिवशी शालनचं वर्षश्राद्ध. दुपारी माणसं जेवून गेली. पत्रावळी उचलल्या, सतरंज्या झटकल्या, घर रिकामं. हार घातलेला फोटो आणि हा. तीनच्या सुमारास टेंपो काढला, तो ढाब्यावर.

आता तुम्ही चुकचुकलात. चुकचुकू नका! तुम्ही उपासाच्या दिवशी शेंगदाण्याचा लाडू म्हणून सुरू करता आणि कुठं पोचता, ते मला माहीत आहे.

गुरुवारी तो गटात आला. याला वाटलं, हाकलतील. म्हणाला, "मी मुरलीधर. परवा घेतली." बापू म्हणाले, "बरं. आज घेतली?" "नाही." "मग बसा." संपलं! ना प्रवचन, ना शिव्या. मंडळी, आपल्या देवळात एवढं सोपं नाही हो. इथं चप्पल चुकीच्या जागी काढली तरी अर्धा तास ऐकवतात!

पण त्याला घाई लागली होती. आठवा महिना लागत आला. बापूंना बाजूला घेऊन म्हणाला, "बापू, तुम्ही सांगा ना तिला. सुटली म्हणून. तुमचा शब्द ती मानेल. परवाचं नका काढू."

बापू म्हणाले, "मुरलीधर, इथलं मी घरी नेत नाही. खरंही नाही आणि खोटं तर नाहीच. तुझं तू सांग."

"काय सांगू? सुटली म्हणावं, तर सुटली नाही. नाही म्हणावं, तर ती येणार नाही!"

"मला काय विचारतोस? मी गाड्या सोडायचो, माणसं नाही."

दहा दिवस मुरलीधर घालमेलीत. अकराव्या दिवशी टेंपो काढला आणि थेट लेकीच्या सासरी! दुपारी चार वाजता. विहीणबाई, म्हणजे बापूंच्या मंडळी, ओसरीवर गहू निवडत होत्या. बापू पेपर वाचत होते. व्याह्याला बघितलं आणि पेपर चेहऱ्यापुढं धरला. उलटा! तृप्ती आतून आली. पोटावर हात ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली.

"बाबा? असे अचानक?"

मुरलीधर उभाच. खाट दाखवली तरी बसला नाही. चारचौघांत बोलायचं नाही, असं ठरवून आला होता. लेकीला बाजूला घ्यायचं, हळूच सांगायचं. पण विहीणबाईंकडं बघितलं, उलट्या पेपराकडं बघितलं, आणि एका दमात बोलून मोकळा झाला.

"मी दारू पितो. लग्न ठरवताना मी खोटं बोललो. पोरीनं तुम्हाला सांगितलं की आई नाही म्हणून माहेरी जात नाही. तसं नाही. बाप पितो म्हणून येत नाही ती. दोन महिन्यांमागं एका गटात जायला लागलो. एकोणीस दिवस सोडली होती. तिच्या आईच्या श्राद्धाला परत घेतली. आज बारावा दिवस आहे. उद्याचं मला माहीत नाही."

एवढंच. गटाचं नाव काढलं, पण गटात आणखी कोण असतं, ते ओठांवर आणलं नाही.

विहीणबाईंनी सूप खाली ठेवलं. आता फुटणार! आता घराणं, अब्रू, फसवणूक, सगळं निघणार! मुरलीधरानं मान खाली घातली.

विहीणबाई म्हणाल्या, "बसा हो. आमच्याकडंही एक आहेत. गुरुवारी वाचनालयात म्हणून जातात आणि सहा वर्षांत एक पुस्तक घरी आणलेलं नाही."

पेपर खाली आला! बापूंचा चेहरा असा, जणू भरल्या डेपोतून गाडी चोरीला गेली! "तुला... माहीत होतं?"

"प्यायचात तेव्हा माहीत होतं, तर सोडलीत तेव्हा कळणार नाही? आणि सूनबाईलाही मीच सांगितलंय, पहिल्या वर्षीच."

तृप्ती मात्र हसली नाही. बापाकडं बघत होती. म्हणाली, "बाबा, मी तिकडं येणार नाही."

मुरलीधरानं मान हलवली. "बरोबर आहे."

"ऐका तर. नऊ वेळा तुम्ही मला सांगितलंत की सुटली. आज पहिल्यांदा सांगितलंत की सुटली नाही. आज मला तुमचं खरं वाटलं." ती भिंतीपासून पुढं आली. "मी येत नाही. तुम्ही या. दवाखान्यात माझ्या उशाशी तुम्ही बसायचं. आईच्या जागी. पण ज्या दिवशी घ्याल, त्या दिवशी दारातूनच परत जायचं. लपवायचं नाही. मला तोंडानं सांगायचं आणि जायचं. कबूल?"

"कबूल," मुरलीधर म्हणाला. लेक आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन आली. तसा हा दोन पावलं मागं सरला!

"नको नको! पाणी नको! लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नसतं. आमच्यात नाही चालत. पाळतो आम्ही!"

मंडळी! पाळतो म्हणे!

तृप्तीनं भांडं तसंच पुढं धरलं. म्हणाली, "बाबा, जन्मभर कुठं कुठं, कुणाकुणाच्या हातचं, काय काय प्यायलात. आणि नियम आठवला तो पाण्याला?"

विहीणबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मुरलीधरानं दोन्ही हातांनी भांडं घेतलं. घाईघाईत अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. उरलेलं प्यायला. म्हणाला, "आणखी दे."

आता तुम्ही विचाराल, महाराज, पुढं त्याची सुटली का? मला नका विचारू. परवा भेटला तेव्हा सुटलेली होती. आजचं त्याला विचारा, तो खरं सांगेल. नात झालीय त्याला. नाकावर गेलीय, त्याच्या. उशाशी होता तो.

पण मी मुरलीधराचं सांगायला आलेलो नाही, मंडळी. तुमचं सांगायला आलोय. हे पुढच्या रांगेत टाळ घेतलेले. हसता काय? मी शेजारीच उभा असतो. मला वास येतो! बायका हसतायत. तुम्हीही नका हसू. शेजारणीला सांगता ना, "ह्यांना पित्ताचा त्रास आहे" म्हणून? किती वर्षं चाललंय पित्त? घराघरांत आपण एकमेकांसाठी खोटं बोलतो आणि त्याला अब्रू म्हणतो. सासऱ्याचं सुनेला माहीत, बापाचं लेकीला माहीत, सगळ्यांना सगळ्यांचं माहीत, आणि सगळे उलटा पेपर धरून बसलेले! ज्याला उठायचंय त्यानं हात धरायचा कुणाचा? हात तर पेपरात गुंतलेत!

बास. फार बोललो. डोळे मिटा. देवाचं नाव आपण रोज घेतो, त्याला ते पाठ झालंय. आज जरा वेगळं करू. प्रत्येकानं मनात आधी देवाचं नाव घ्या, मग स्वतःचं घ्या, आणि त्याच्यापुढं जे खरं आहे ते एक वाक्य जोडा. एकच. घाई नाही. मृदंग थांबलाय, पेटी थांबलीय.

मी थांबतो.